त्याच पाण्यात पुन्हा पुन्हा

काचेच्या चार फुटी टाकीत नदी करता येते का, हा प्रश्न आधी गणिताचा आहे आणि मग नीतीचा. गणित सोपं आहे, तेव्हा ते आधी उरकून घेऊ.

टाकीत पाण्याची रुंदी ४५ सेंटीमीटर आणि उंची ४० सेंटीमीटर धरा. दिवाळीच्या सुमारास कासारीच्या किंवा कुंभीच्या वरच्या अंगाला, जिथे नदी अजून ओढ्याएवढीच असते, गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पाणी पोटऱ्यांना ढकलत राहतं. तिथला वेग सेकंदाला अर्धा मीटर धरू. हा काही फार नाही, रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या निम्मा. पण एवढा वेग आख्ख्या टाकीत आणायचा तर सेकंदाला ९० लिटर, म्हणजे तासाला सव्वातीन लाख लिटर पाणी या टोकाकडून त्या टोकाला गेलं पाहिजे. दुकानात सहज मिळणारा बरा पंप तासाला ४,००० लिटर फेकतो. ते पाणी टाकीभर सारखं पसरलं तर सरासरी वेग निघतो सेकंदाला सहा मिलिमीटर. मुंगीसुद्धा याहून जोरात चालते.

प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नसतं. पंपाच्या तोंडातून सुटलेली धार आजूबाजूचं पाणी ओढून बरोबर नेते, त्यामुळे निदान धारेच्या पट्ट्यात खरा प्रवाह तयार होतो. त्यासाठी जगभरच्या हौशी लोकांनी एक जुगाड शोधून काढलाय. टाकीच्या एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला स्पंज लावलेली शोषणाची तोंडं, आणि दोन्हींना जोडणाऱ्या पीव्हीसीच्या नळ्या वाळूखाली गाडलेल्या. वर सगळं पाणी एकाच दिशेला वाहतं आणि तळाखालून गुपचूप उलटं परत येतं. पंचगंगेतली पाचवी नदी सरस्वती, ती गुप्त आहे, असं आपण कोल्हापुरात लहानपणापासून ऐकतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती दिसतात, ती दिसत नाही. माझ्या टाकीत मात्र गुप्त नदी अक्षरशः आहे. पाऊण इंची, पांढऱ्या रंगाची, दोन्ही टोकांना एल्बो लावलेली.

माझी टाकी पाच महिने चालू आहे. तळाला वाटोळे दगड, वर कडक दिवा, दगडांवर शेवाळाचा मऊ हिरवा-तपकिरी थर. तिच्यात एकही मासा नाही. बघायला येणाऱ्याला ही गोष्ट विचित्र वाटते. काहींना वाटतं मासे मेले असणार, आणि ते तसं तोंडावर विचारत नाहीत.

मासा कुठला आणायचा हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मळ्या. बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा, अजिबात देखणा नसलेला मासा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात कुणी त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. पण त्याला उलटा करून बघितलं की कळतं हा कशासाठी घडलाय. तोंड खालच्या बाजूला, आणि त्यामागे खालच्या ओठापासून तयार झालेली एक गोल चकती. ती दगडावर टेकवून तो वाहत्या पाण्यात ठाण मांडतो. पुढचे पर पंख्यासारखे पसरलेले, पोट सपाट. दगडाला लगटून पाण्याचा जोर कमी होतो, दगडाच्या मागे तर जवळजवळ संपतो, आणि मळ्याचं आयुष्य त्या चिंचोळ्या जागेत जातं. तो शेवाळ खरवडतो, दुसऱ्या दगडावर उडी मारतो, पुन्हा चिकटतो.

त्याचं शास्त्रीय नाव ‘गारा मुल्ल्या’. त्यातलं मुल्ल्या म्हणजे आपलं मळ्याच. विल्यम हेन्री साइक्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरला. १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, आणि बऱ्याच माशांना त्याने लॅटिन पोशाखात मराठी नावंच चढवली. मळ्याचं मुल्ल्या झालं, मुरीचं मूरेह, आणि मोठ्या खवल्यांच्या महसीरचं खुद्री. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात हा मासा बाटलीत ठेवला तरी चिठ्ठीवर कुणा तरी मराठी मासेमाराचा शब्द असणार. त्या मासेमाराचं नाव मात्र कुठे नाही. हे विषयाला सोडून झालं, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मळ्यासाठी मी प्रयाग चिखलीच्या पुढे राहणाऱ्या, मासे धरणाऱ्या एका तात्यांकडे गेले.

“तात्या, मळ्या मिळतील का?”

“मिळत्यात की. कालवणाला का?”

“नाही, जिते हवेत. पाचसहा. काचेच्या टाकीत ठेवायला.” मग मी त्यांना मोबाइलवर टाकीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. पंपाचं, नळ्यांचं सगळं विचारून घेतलं. कौतुकाने मान हलवली. मग म्हणाले, “ब्येस केलंयस. पर पोरी, म्होरल्या पावसात वर कुठं जातील त्ये?”

हा लेख त्या प्रश्नामुळे आहे.

ज्यांनी जून महिन्यात ओढ्याकाठी चढणीचे मासे धरलेत किंवा धरताना बघितलेत त्यांना तात्यांचं म्हणणं लगेच कळेल. पहिला जोराचा पाऊस झाला, गढूळ पाणी आलं, की नदीतले मासे उलट दिशेने निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाटात, पाटातून थेट भाताच्या खाचरात. अंडी घालायला उथळ, नवं, कोवळं पाणी हवं असतं. एवढाएवढासा जीव चार-चार बोटांच्या धबधब्यांवरून उड्या मारत वर जातो. लोक बुट्ट्या लावून बसतात, कारण माशाला या दिवसांत कशाचंच भान नसतं. मळ्या काही फार लांबचा वाटसरू नाही, पण पाणी चढलं की तोही वर सरकतो, असं तात्या सांगतात. त्यांनी पन्नास पावसाळे बघितलेत.

टाकीत मासा प्रवाहाकडे तोंड करून पोहतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्याचा दाब जाणवतो, डोळ्यांना तळ सरकताना दिसतो, आणि अंग आपोआप उगमाकडे वळतं. टाकीत जन्मलेला मासाही वळतो. फक्त टाकीत उगम नाही. चार फुटांनंतर पंपाची जाळी आहे. म्हणजे आपण त्याला दिशा देतो आणि ठिकाण देत नाही. व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर माणूस स्वतःहून चढतो आणि कंटाळला की उतरतो, एवढाच फरक. पण तो फरक लहान नाही.

माझा एक मित्र या सगळ्याला भावनिक कचरा म्हणतो. त्याच्या मते माशाला ठिकाण वगैरे काही नसतं. त्याला ऑक्सिजन, खाणं, लपायला जागा आणि अंगावर येणारं पाणी मिळालं की झालं. त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एक काल्पनिक यंत्र मांडलं होतं. त्यात शिरलं की तुम्हाला हवा तो अनुभव मिळेल. उत्तम कादंबरी लिहिल्याचा, मित्र मिळाल्याचा, काहीही. प्रत्यक्षात तुम्ही एका टाकीत तरंगत असाल, डोक्याला तारा लावून. जाल का? बहुतेकांना नको वाटतं, आणि त्यावरून नोझिक म्हणतो की आपल्याला फक्त अनुभव नको असतो, ती गोष्ट खरोखर करायचीही असते. मित्र म्हणतो, हे माणसाला लागू आहे. खरं आणि खोटं यात फरक करणाऱ्याला फसवता येतं. मळ्याला कुणी फसवत नाही, कारण हे पाणी सह्याद्रीवरून आलंय असा त्याचा समजच नसतो.

एवढं मला मान्य आहे. टाकीतला मासा फसवला जात नाही. पण तात्यांचा प्रश्न फसवणुकीचा नव्हताच. मासा काय समजतो असं त्यांनी विचारलं नाही, मासा कुठे जाईल असं विचारलं. एखाद्या जिवाला काय जाणवतं हा एक प्रश्न, आणि त्या जिवाला काय काय करता येतं हा दुसरा. उणीव जाणवली नाही म्हणजे उणीव नाही, असं आपण इतर कुठे मान्य करत नाही. जन्मापासून साखळीला बांधलेल्या कुत्र्याला रान माहीत नाही म्हणून त्याचं बरं चाललंय असं म्हणणाऱ्या माणसाविषयी आपलं फारसं चांगलं मत होत नाही. ती चकती, ते सपाट पोट, ते पसरट पर, हे सगळं शरीरच एका प्रवासाच्या हिशोबाने बनलंय. तो प्रवास त्याच्या डोक्यात कसा दिसतो हे आपल्याला कधी कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

हेराक्लिटसचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक असतं, की त्याच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही. त्याचा एक कडक अनुयायी होता, क्रॅटिलस. तो म्हणे की एकदासुद्धा टाकता येत नाही. टाकीचं बरोबर उलटं आहे. इथे त्याच पाण्यात तुम्ही हजारदा पाय टाकता. माझ्या टाकीतलं पाणी तासाला बारा-पंधरा वेळा तोच फेरा मारतं. खऱ्या नदीचं अर्धं काम नेण्याचं असतं. विष्ठा, कुजलेली पानं, मेलेली अंडी ती खाली नेते आणि वरून ताजं पाणी आणते. टाकीतला प्रवाह काहीच नेत नाही, फक्त ढवळतो. मुख्यतः माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचं स्पंजमधल्या जिवाणूंमुळे नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेट साठत राहतं. म्हणून दर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. प्रवाहाचं काम पंप करतो आणि नदीचं काम बादली.

पाच महिन्यांत माझ्या टाकीतून आपल्या पायांनी बाहेर गेलेली एकच गोष्ट आहे. दगड आणताना त्यांच्या खालच्या बाजूला मेफ्लायची पिल्लं चिकटून आली होती. तीन शेपट्यांचे, चपटे, मळ्यासारखेच दगडाला लगटून राहणारे किडे. मला ते दिसलेही नव्हते. एका रात्री त्यातले चार-पाच कात टाकून वर आले आणि ट्यूबलाइटभोवती फिरू लागले. त्या अवस्थेत त्यांना खायला तोंडही धड नसतं. जोडीदार शोधायचा, वाहत्या पाण्यावर अंडी टाकायची आणि मरायचं, एवढ्यासाठी एखादा दिवस. मी खिडकी उघडली. खाली रिक्षा स्टँड आहे.

आता दुसरी बाजू. तात्यांच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय. नदीत राहिला असता तर मासा वर गेला असता. खरंच?

कोल्हापूरने जगाला दिलेल्या गोष्टींत चप्पल आणि तांबडा-पांढरा यांची नावं लगेच निघतात, बंधाऱ्याचं निघत नाही. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हा जलसिंचनाच्या पुस्तकातला अधिकृत शब्द आहे, महाराष्ट्रभर तो ‘को. प. बंधारा’ म्हणून ओळखतात. नदीच्या पात्रात दगडी खांबांची रांग, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. स्वस्त, साधा, अक्कलहुशारीचा प्रकार. राजाराम बंधाऱ्याची पातळी तर पावसाळ्यात आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पण ऑक्टोबर ते मे याच नदीचं काय होतं? एका बंधाऱ्याचं पाणी मागच्या बंधाऱ्याच्या पायापर्यंत येतं. नदी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली तळ्यांची रांग होते. आणि त्या थांबलेल्या पाण्यात शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, शेतातली खतं. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आता बातमीसुद्धा वाटत नाहीत.

यात ऑक्सिजनचं साधं शास्त्र आहे. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात मुळात कमी. त्यात घाण कुजवणारे जिवाणू उरलेला संपवतात. वाहतं पाणी दगडांवर आपटतं, फेसाळतं, हवा आत घेतं. थांबलेलं पाणी घेत नाही. मळ्यासारख्या वाहत्या पाण्याला सोकावलेल्या माशाचं तिथे काही खरं नसतं. तो वरच्या अंगाला, डोंगराजवळ तगून आहे. तिथेही वर धरणाची भिंत आहेच. बंधाऱ्याचे बरगे निदान चार महिने निघतात, धरणाची भिंत निघत नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरभर मेसेज फिरतात. पण त्यातून फक्त पाणी खाली येतं. वर कुणी जात नाही.

म्हणजे माझ्या पंपाच्या टाकीची तुलना मी कशाशी करतेय हे प्रामाणिकपणे बघायला हवं. मनातल्या नदीशी केली तर टाकी हा तुरुंग. फेब्रुवारीतल्या शिरोळजवळच्या पंचगंगेशी केली तर टाकीत प्रवाह जास्त, ऑक्सिजन जास्त आणि विष कमी. शहरात आख्खी नदी थांबवायची आणि घरात बटण दाबून वाहवायची, यातला विनोद माझ्या ध्यानात येतो. त्यात हेही आहे की बटण दाबल्यावर येणाऱ्या विजेतली थोडी कोयनेची असते, म्हणजे अडवलेल्या नदीचीच. आणि बंधाऱ्यांना सरसकट शिव्या देण्याचा मला अधिकार नाही. त्या अडवलेल्या पाण्यावर ऊस झाला, उसावर शाळा-कॉलेजं, दवाखाने, आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. चार फुटी काचेची टाकी विकत घेण्याइतके पैसे या शहरात माणसाकडे का असतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या बरग्यांत आहे.

इथे हौशी लोकांचा आवडता युक्तिवाद येतो. नद्या मरतायत, निदान टाक्यांमधून जाती वाचतील. हा युक्तिवाद पोकळ नाही. मेक्सिकोत तेउचित्लान नावाच्या छोट्या नदीत ‘तेकीला’ नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा होता. तो तिथून नाहीसा झाला. एका इंग्रज हौशी माणसामार्फत चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या माशांच्या पाच जोड्या १९९८ साली तिथल्या विद्यापीठाकडे पोचल्या. त्यांची वीण वाढवून काही वर्षांपूर्वी दीड हजारांहून जास्त मासे पुन्हा नदीत सोडले, आणि ते तिथे वाढले. पण ही गोष्ट सांगताना लोक मधली वीस वर्षं गाळतात. ती फक्त टाकीत मासे सांभाळण्याची नव्हती. नदीचं पाणी तपासायचं, घुसखोर मासे काढायचे, काठावरच्या गावातल्या मुलांना शिकवायचं, असं सगळं काम त्यात होतं. नदी तयार नसती तर त्या जोड्या टाकीतच राहिल्या असत्या.

आणि आपल्याकडे उलट दिशेचा हिशोबही आहे. केरळ-कर्नाटकातल्या वेगवान नद्यांमध्ये एक सुंदर मासा आहे, लाल पट्ट्याचा. व्यापारात त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. आता त्याच्या गटाला शास्त्रज्ञांनी ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलंय. या हौसेपायी तो नदीतून इतका उपसला गेला की २००८ साली केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. ते गेले तिथे लोकांनी असेच पंप लावून, असेच दगड मांडून त्यांच्यासाठी ‘सह्याद्रीची नदी’ बनवली असणार. आणि मन भरल्यावर टाकीतला मासा जवळच्या तळ्यात ओतला की काय होतं, ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. त्यांच्या जाळ्यात दक्षिण अमेरिकेतला काटेरी सकर येतो, जाळी फाटतात. तोही बिचारा मूळचा वाहत्या नदीतलाच.

उजनीची गोष्ट माझ्यासाठी निर्णायक आहे. मला एक मधला मार्ग सुचला होता. आपली टाकीही बंधाऱ्यासारखी चालवावी. ऑक्टोबरात मळ्या आणायचे, आठ महिने सांभाळायचे, मे अखेरीस जिथून आणले तिथेच नेऊन सोडायचे. बरगे काढल्यासारखं. चढण चुकणार नाही. कल्पना मला फार आवडली होती. पण ती चालत नाही. टाकीत दुकानातली झाडं असतात, दुकानातलं खाणं असतं, त्यांच्याबरोबर परके जंतू आणि परजीवी येतात. आठ महिने त्या पाण्यात राहिलेला मासा ओढ्यात सोडणं म्हणजे ते सगळं ओढ्यात सोडणं. टाकीचं दार एकाच बाजूला उघडतं. एकदा आत आलेला मासा मरेपर्यंत आपला.

आपला म्हणजे काय, ते वीज गेली की कळतं. साध्या टाकीतला गप्पी किंवा गोल्डफिश दिवसभर पंपाविना तग धरतो. प्रवाहातल्या माशाला पाणी थांबलं की उन्हाळ्यात तासा-दोन तासांत श्वास अपुरा पडू लागतो. नदीत माशाचा श्वास ही कुणाचीच जबाबदारी नसते. गोठला, सुकला, पूर आला, मासा मेला तर कुणी दोषी नसतं. टाकीत मात्र प्रत्येक घोट हवा मी पुरवत असते, आणि ती न पुरवणं ही माझी कृती ठरते. २०१९च्या महापुरात शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती. माझ्या ओळखीच्या एका घरात पहिल्या मजल्यावर टाकी होती आणि पाणी तळमजल्यापर्यंत आलं होतं. ते रात्रभर आळीपाळीने मग बुडवून, उंचावरून धार धरून पाणी टाकीत ओतत बसले होते. जिन्याखाली आख्खी पंचगंगा, वर तिच्यासारखं पाणी हलवणारी चार माणसं. सकाळपर्यंत तीन मासे वाचले. ते सांगताना त्या घरातली आजी म्हणाली, “घरात जित्रब आणलं की त्याचं सगळं बघावं लागतंय.” कुठल्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकात हे इतकं कमी शब्दांत मी वाचलेलं नाही.

माशांवर माया करायची आणि त्यांना घरी आणायचं नाही, याचीही आपल्याकडे रीत आहे. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात वरदायिनीचे महसीर आहेत, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत तिळसेश्वराचे. लोक त्यांना चुरमुरे घालतात, हात लावत नाहीत. डोहाला काच नाही. पाणी येतं आणि जातं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळ, एक छोटा लोच सापडला. २०२० साली त्याला ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं आणि २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी खाली आजऱ्यात, गडहिंग्लजात येते आणि तिच्यावरही बंधारे आहेत. देवाचा अधिकार डोहापुरता चालतो. डोहाच्या वर कुणी धरण बांधलं किंवा खाली कुणी मळी सोडली तर देव काही करत नाही. तरीही बघणाऱ्याने माशाकडे जायचं, माशाने बघणाऱ्याकडे यायचं नाही, ही त्या रीतीतली गोष्ट मला पटते.

माझा निर्णय असा झालाय की ओढ्यातला मळ्या मी आणणार नाही. पाळीव पैदाशीचे, टाकीतच जन्मलेले सह्याद्रिया आता बाजारात मिळतात, ते आणण्याबद्दल माझं मन तितकं ठाम नाही. त्यांच्यासाठी परत जायला नदी उरलेली नाही, आणि कुठल्या तरी टाकीत ते जगणारच आहेत, तर बऱ्या प्रवाहात जगलेले बरे. पण प्रत्येक वेळी असा एक मासा विकला गेला की पुढचा पैदा होतो, हेही मला दिसतं. सध्या इन्व्हर्टरचे पैसे साठवतेय. त्याआधी नाही आणायचे, एवढं नक्की.

मित्र विचारतो, मग रिकाम्या टाकीत पाणी कशाला फिरवतेस? वीजबिल वाया. मी त्याला सांगते की रिकामी नाहीये. दगडांवर शेवाळ आहे, त्यात मेफ्लायची आणखी दोन पिल्लं शिल्लक आहेत, गोगलगायी आहेत. शिवाय टाकी लावल्यापासून मला नदी वेगळी दिसते. शिवाजी पुलावरून जाताना आधी मी पाणी किती आहे एवढंच बघायचे. आता ते हलतंय का बघते, दगड उघडे आहेत का बघते, फेस कसला आहे बघते. पाणी वाहतं ठेवायला काय लागतं ते पाच महिने हाताने केल्याशिवाय मला हे दिसलं नसतं. हे टाकीचं समर्थन म्हणून पुरेसं आहे का, मित्र विचारतो. माशाच्या जिवावर असतं तर नसतं, असं मी म्हणते. तो नळ्यांकडे बघून पुन्हा विचारतो, ती गुप्त सरस्वती तरी गळत नाही ना? एका एल्बोपाशी गळते, थोडीशी.

मेच्या शेवटी तात्यांचा फोन आला. “बरगं काढाय लागल्यात बंधाऱ्याचं. येतीस का बघाय?” मी पंप चालू ठेवला आणि गेले.